देणं दुबईचं, धाक दारातला

पत्राचा सारांश : पत्रलेखक 39 वर्षांचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. 2012 ते 2020 दुबईत एसी दुरुस्तीच्या कंपनीत होते, शेवटी सुपरवायझर. बहिणीचं लग्न आणि गावच्या घराचा स्लॅब यासाठी तिथल्या बँकेकडून वैयक्तिक कर्ज घेतलं, क्रेडिट कार्डही होतं. कर्ज देताना बँकेने सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला. नोकरी होती तोवर एकही हप्ता चुकला नाही. जून 2020 मध्ये कंपनीने माणसं कमी केली आणि ऑगस्टमध्ये ते वंदे भारतच्या विमानाने परत आले. तेव्हा कर्जाचे 74,000 आणि कार्डाचे 18,000 दिरहम बाकी होते. सहा महिन्यांत परत जाऊन फेडू, म्हणता म्हणता पाच वर्षं गेली. आता चिपळूणला त्यांचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेले चार महिने वसुलीवाले मुंबईच्या नंबरांवरून फोन करून 2,10,000 दिरहम मागतायत. वडिलांना, मेव्हण्याला, गावच्या सरपंचांनाही फोन गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर अरबी शिक्क्याचा एक कागद आला आणि सोबत धमक्या : इंटरपोलची नोटीस निघालीय, पासपोर्ट रद्द होणार, वडिलांच्या घरावर जप्ती येणार. आता म्हणतायत, 84,000 दिरहम दोन दिवसांत भरा, मिटवून टाकतो. त्यासाठी एका माणसाच्या नावाचा खाते क्रमांक पाठवलाय. बायकोला कर्ज आहे एवढंच ठाऊक आहे, आकडा नाही. त्यांचे प्रश्न असे : सिमकार्ड बदलून गप्प बसू का? 2017 मध्ये अण्णांनी (वडिलांनी) माझ्या नावावर केलेली कलमबाग बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून ठेवू का? की बाग विकून मोकळा होऊ? कतारला नोकरीचं बोलणं चाललंय, तिकडे जाता येईल का? पत्राचा शेवट : ‘मी पळून आलेला चोर आहे हे गावात कळलं तर अण्णा मान वर करू शकणार नाहीत.’

तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण तुमचे बाकी सगळे प्रश्न त्याच वाक्याच्या पोटातून आलेत.

परत द्यायचंच नाही असं ठरवून घेतो तो चोर. तुम्ही पगारातून हप्ते भरत होतात. नोकरी गेली, तिच्याबरोबर व्हिसा गेला आणि हप्ता थांबला. याला थकबाकी म्हणतात. ती मोठी आहे, तिच्याकडे पाच वर्षं पाठ फिरवणं ही तुमची चूकच झाली, आणि त्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे. पण चोर हा शब्द तुम्ही स्वतःला लावून घेतलात म्हणून फोनवरचा माणूस तुम्हाला चोरासारखं बोलू शकतो आणि तुम्ही ऐकून घेता.

तो शब्द तुमच्या मनात का बसला, तेही मला समजतं. यूएईत चेक न वटणं हा बरीच वर्षं फौजदारी गुन्हा होता. खेड, दापोली, चिपळूणकडच्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी चेकच्या केसमध्ये अडकल्याच्या गोष्टी आहेत. तुमच्या मनातला तुरुंग तिथून आलाय. पण 2 जानेवारी 2022 पासून तिथला कायदा बदलला. खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला, तर तेवढ्याने आता फौजदारी गुन्हा होत नाही. त्याऐवजी चेक घेऊन थेट अंमलबजावणीच्या न्यायाधीशाकडे जाऊन वसुली मागता येते. तुमचा चेक बहुधा त्याआधीच बँकेत भरला गेला असणार. जुनी पोलीस तक्रार असेल तर ती कायदा बदलला म्हणून आपोआप पुसली गेली असं धरून चालू नका. तिची आजची स्थिती तपासावी लागेल, ती कशी ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रात बँक, वसुली एजन्सी आणि कोर्ट ही तिन्ही एकच असल्यासारखी येतात. ‘ते जप्ती आणणार’, ‘त्यांनी नोटीस काढली’, ‘ते पासपोर्ट रद्द करणार’. हे ‘ते’ कोण, हा प्रश्न स्वतःला विचारा. पैसे बँकेचे. एजन्सीला वसुलीतून वाटा मिळतो, आणि तिच्या हातात मागण्यापलीकडे कसलाही अधिकार नाही. जप्ती फक्त कोर्ट आणू शकतं, तेही रत्नागिरी जिल्ह्यातलं आपलं कोर्ट. फोनवरच्या माणसाचा सगळा धंदा या तिघांना तुमच्या डोक्यात एक करण्यावर चालतो. त्याला सरपंचांचा नंबर शोधायची गरज का पडली? त्याच्याकडे बजावण्यासारखा हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल, असता तर त्याने सरपंचांना कशाला विचारलं असतं? त्याचा वकील कोर्टात गेला असता.

तरीही ‘एजंट काही करू शकत नाही, म्हणजे विषय संपला’ असं समजू नका. ही दुसरी चूक पहिलीइतकीच महागात पडते. समुद्र ओलांडला की देणं बुडालं, अशी एक समजूत आपल्याकडे आखातातून परतलेल्यांत अजून आहे. 17 जानेवारी 2020 ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून यूएईला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली परस्पर अंमलबजावणीचा देश म्हणून जाहीर केलं. त्याआधी दुबईतला निकाल हातात असला तरी बँकेला त्याच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागायचा. आता दुबई, अबू धाबी, शारजा आणि इतर अमिरातींतल्या अधिसूचित कोर्टांच्या पैशाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि किती वसुली झाली याचा दाखला घेऊन थेट आपल्या जिल्हा न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकूमनामा बजावण्याचा अर्ज, दाखल करता येते. मग तो हुकूमनामा आपल्याच कोर्टाने दिल्यासारखा बजावला जातो.

म्हणून तुमच्या बाबतीत सगळं एका प्रश्नावर अडलंय : दुबईच्या कोर्टाचा हुकूमनामा आहे की नाही? पत्रात तुम्ही बाग, बायको, सिमकार्ड, कतार सगळं विचारलंत. हा प्रश्न मात्र विचारला नाहीत. त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचा एकही निर्णय घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा अरबी शिक्क्याचा कागद फेकू नका आणि त्याला घाबरूही नका. त्यावर केस नंबर आहे का, वर्ष आहे का, कोणत्या कोर्टाचं नाव आहे, हे अरबी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. आपल्या भागात मदरशात शिकवणारे, आखातात वर्षं काढलेले असे लोक सहज भेटतात. तो कागद काहीही असू शकतो : बनावट शिक्का, जुनी पोलीस तक्रार, कोर्टाची खरी नोटीस. यूएईतल्या दिवाणी कायद्यात नोटीस ईमेलवर, एसएमएसवर किंवा मेसेजिंग अ‍ॅपवर बजावता येते, हे मुद्दाम सांगते. सिमकार्ड बदलण्याला माझा विरोध त्यामुळेच आहे. सिम बदललंत तर एजंट दोन आठवड्यांत नवा नंबर काढेल, मात्र कोर्टाची खरी नोटीस तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही आणि तिकडे एकतर्फी निकाल होईल.

तुमच्या नावावर इथे काही दाखल झालंय का, ते आजच पाहता येईल. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर रत्नागिरी जिल्हा निवडा आणि पक्षकाराच्या नावाने शोधा. तुमचं नाव मराठी कागदांवर आणि पासपोर्टवर वेगळ्या स्पेलिंगने असेल तर दोन्हींनी शोधा. दुबईतल्या पोलीस तक्रारीची स्थिती दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवर एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या ओळखपत्राचा क्रमांक, घालून पाहता येते. जुन्या आयडीने जमलं नाही तर तिथल्या वकिलाला मुखत्यारपत्र देऊन पोलीस आणि कोर्ट दोन्हीकडे चौकशी करून घ्या. मुखत्यारपत्र नुसत्या नोटरीने चालत नाही. ते आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि यूएईच्या दूतावासाकडून साक्षांकित करून न्यावं लागतं. खर्च होईल, पण वीस-पंचवीस लाखांच्या व्यवहारात अंधारात चाचपडण्यापेक्षा तो कमीच आहे.

समजा हुकूमनामा निघाला आणि दरखास्तही आली. तरी दुसऱ्या दिवशी कोणी टीव्ही उचलून नेत नाही. 44अ खालच्या दरखास्तीत, त्याच संहितेच्या ऑर्डर 21 नियम 22 प्रमाणे, हुकूमनामा का बजावू नये याची नोटीस कोर्टाने आधी तुम्हाला द्यायची असते. तिथे तुम्हाला बोलायची जागा आहे. संहितेच्या कलम 13 खाली परदेशी निकालाला आक्षेप घेता येतात : त्या कोर्टाला अधिकार नव्हता, मला बाजू मांडायची संधी दिली नाही, निकाल फसवणुकीने मिळवला, निकाल गुणदोषांवर दिलेला नाही. शेवटचा मुद्दा तुमच्यासारख्यांना महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये एका गिरणीच्या प्रकरणात म्हटलं होतं की पुरावा न पाहता, केवळ प्रतिवादी आला नाही म्हणून दिलेला एकतर्फी निकाल गुणदोषांवरचा धरता येत नाही. मात्र पुरावा तपासून दिलेला एकतर्फी निकाल टिकू शकतो. नुसत्या चेकवर निघालेला अंमलबजावणीचा आदेश हा 44अ मधला हुकूमनामा ठरतो का, हाही तुमच्या वकिलाने लावून धरायचा मुद्दा आहे. आणि फौजदारी कोर्टाने चेकपायी केलेला दंड असेल तर तो या कलमाखाली इथे वसूल होत नाही. कलमाच्या व्याख्येतच कर आणि दंड वगळलेत.

अण्णांच्या घराची धमकी तर मला सगळ्यात संतापजनक वाटते. अण्णा जामीनदार नव्हते, कुठे सही नव्हती. हयात मुलाच्या कर्जासाठी बापाच्या मालमत्तेला हात लागत नाही. तुमची स्वतःची मालमत्ता मात्र जप्तीला पात्र आहे, आणि त्यात कलमबाग येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने काही गोष्टींना संरक्षण दिलंय : कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं राहतं घर, पीपीएफ. म्हणजे तुमच्या दुकानातली दुरुस्तीची हत्यारं कोणी उचलून नेणार नाही. बाकी दिवाणी तुरुंगाची भीती. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ फेडता आलं नाही म्हणून माणसाला डांबता येत नाही. ऐपत असून नाकारलं किंवा बदनीयतीने मालमत्ता लपवली, हे दिसावं लागतं.

मालमत्ता लपवणं. आता बक्षीसपत्राकडे येते.

मित्रांनी सल्ला दिला असेल, ‘वहिनींच्या नावावर करून टाक, कोण विचारतंय.’ मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 53 विचारतंय. सावकाराला चुकवण्याच्या किंवा त्याची वसुली लांबवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतरण त्याच्या मागणीवरून रद्द होऊ शकतं. वसुलीचे फोन सुरू झाल्यावर चार महिन्यांनी पत्नीच्या नावे मोबदल्याशिवाय बक्षीसपत्र केलंत, तर तो हेतू तारखेनिशी नोंदला जातो. आज तुम्ही फेडू न शकलेला माणूस आहात. त्या दस्तानंतर तुम्ही लपवणारा माणूस व्हाल, आणि वरच्या परिच्छेदातलं संरक्षण स्वतःच्या हाताने पातळ कराल. शिवाय पत्नीला आकडासुद्धा न सांगता तिला या भानगडीत पक्षकार करणार आहात. ते मला पटत नाही.

बाग विकणंही आत्ता नको. घाईत विकलेल्या बागेला घाईचाच भाव येतो आणि ते पैसे कोणाच्या खात्यात जाणार? एका माणसाच्या खात्यात. बँकेचं कर्ज बँकेच्या खात्यात फिटतं. व्यक्तीच्या खात्यावर, यूपीआयवर किंवा ‘आमच्या वकिलांच्या’ खात्यावर एक रुपया पाठवू नका. पैसे घेऊन गायब होणाऱ्यांकडे कर्जदारांच्या जुन्या याद्या असतात. तुमचं नाव, जुना पासपोर्ट नंबर, कर्जाची रक्कम सांगितली म्हणजे फोन बँकेकडूनच आला असं होत नाही.

इंटरपोलचं थोडक्यात. खासगी देण्याघेण्याच्या वादांतून आलेल्या प्रकरणांत रेड नोटीस काढायची नाही, असं इंटरपोलचे स्वतःचेच नियम सांगतात. एजंट ती काढू शकत नाही, बँकही नाही. पासपोर्ट जप्त किंवा रद्द करण्याचा अधिकार पासपोर्ट कायद्याखाली पासपोर्ट अधिकाऱ्याला आहे, तोही कायद्यात दिलेल्या कारणांवर आणि लेखी आदेशाने. व्हिडिओ कॉलवर कोणी गणवेशात बसून ‘तुम्ही अटकेत आहात’ म्हणाला तर फोन ठेवून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फोनवर अटक होत नसते.

आकड्याकडे जरा थांबून बघू. 74,000 आणि 18,000 मिळून 92,000 दिरहम. परत आलात तेव्हा दिरहम वीस-साडेवीस रुपयांचा होता, म्हणजे देणं एकोणीस लाखांच्या आसपास. आता दिरहम तेवीस-चोवीस रुपयांचा धरला तर तेच 92,000 साधारण साडेएकवीस लाख होतात. एका पैशाचंही व्याज न धरता अडीच लाखांहून जास्त वाढलं, कारण दिरहम डॉलरला बांधलेला आहे आणि तुम्ही कमावता रुपयांत. गप्प बसण्याची ही किंमत कोणी बिलावर लिहून देत नाही. दुसरीकडे 2,10,000 या आकड्याचा हिशोब तुम्ही मागितलाय का? मुद्दल किती, व्याज किती, उशिराचा दंड किती, कार्डाचे चार्जेस किती? त्यातून साठ टक्के सूट देऊन ते 84,000 वर आले, म्हणजे तुम्ही सोडून आलात त्या रकमेच्या जवळपासच. या सुटीत उपकार मानण्यासारखं फार नाही.

म्हणून पहिलं काम : बँकेला लिहा. एजंटला नाही, बँकेला, तिच्या वेबसाइटवरच्या अधिकृत ईमेलवर. मजकूर साधा ठेवा. ‘माझ्या नावे थकबाकी असल्याचं सांगून भारतातून फोन येत आहेत. कृपया कळवावं : कर्ज आणि कार्डाचा संपूर्ण खातेउतारा, मुद्दल-व्याज-दंडाची फोड, कर्ज अन्य कोणाला विकलं असल्यास त्याचा कागद, वसुलीसाठी नेमलेल्या एजन्सीचं नाव आणि अधिकारपत्र, माझ्याविरुद्ध कोर्टात किंवा पोलिसांत काही दाखल असल्यास त्याचा क्रमांक. कर्जाला विमा जोडलेला असल्यास नोकरी गेल्यावर त्याचा दावा केला होता का, तेही कळवावं. यापुढचा पत्रव्यवहार याच ईमेलवर करावा. हे पत्र म्हणजे थकबाकीची कबुली समजू नये, माझे सर्व हक्क राखून लिहीत आहे.’

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. दुबईचा हुकूमनामा नसेल आणि बँकेला इथे नवा दावा लावायचा असेल तर परदेशात झालेल्या करारालाही भारतीय मुदतीचा कायदा, म्हणजे दावा किती काळात लावायचा ते ठरवणारा कायदा, लागतो, सहसा तीन वर्षं. कोविडचा काळ सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वगळला होता, त्यामुळे तारखांचा हिशोब वकिलाकडून करून घ्या. मुदत संपण्याआधी तुम्ही सहीनिशी थकबाकी कबूल केलीत किंवा थोडी रक्कम भरलीत, तर ती पुन्हा सुरू होऊ शकते. मुदत संपलेल्या कर्जाबद्दलही ‘मी फेडीन’ असं लेखी, सहीनिशी दिलंत, तर ते वचन करार कायद्याच्या कलम 25 खाली बांधून घेतं. ‘पाच हजार टाका, फाइल थांबवतो’ असं एजंट म्हणतो, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. हुकूमनामा असेल तर मात्र तिथला मुदतीचा हिशोब वेगळा आणि पुष्कळ लांबचा आहे. तिथे तीन वर्षांवर विसंबू नका.

मग कायद्याने सुटत असेल तर फेडायचंच नाही का? माझं मत विचारलंत तर ते असं. त्या पैशांतून बहिणीचं लग्न झालं आणि आज तुम्ही ज्याच्याखाली झोपता तो स्लॅब पडला. तेवढं मुद्दल तुमच्यावर आहे, असं मला वाटतं, आणि तुमच्या पत्राच्या सुरावरून तुम्हालाही तसंच वाटतं. पण ते फेडायचं ते तुमच्या ऐपतीने, बँकेच्या खात्यात, लेखी करारावर. मुलांची फी आणि दुकानाचं भांडवल बाजूला ठेवून महिन्याला किती निघतात, हा हिशोब आधी मांडा. बँकांना इतक्या जुन्या खात्यात एकरकमी तडजोड चालते. तुमचा प्रस्ताव मुद्दलापासून सुरू होऊ दे, त्यांच्या 2,10,000 पासून नाही. तडजोड ठरली तर पैसे जाण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर हे हवं : एवढी रक्कम, एवढ्या तारखांना, त्यानंतर काहीही बाकी नाही, सर्व केसेस मागे घेऊ, चेक परत करू. रक्कम तुमच्या इथल्या बँकेतून, ते पत्र दाखवून, अधिकृत मार्गानेच पाठवा. हवालावाल्याकडे फिरकू नका, तिथून गेलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही. शेवटी बाकी नसल्याचा दाखला आणि केस बंद झाल्याचा कोर्टाचा किंवा पोलिसांचा कागद, दोन्ही मिळाल्याशिवाय फाइल कपाटात ठेवायची नाही.

कतारबद्दल सांगताना मला वाईट वाटतं, कारण ती ऑफर तुम्हाला सुटकेसारखी दिसतेय. आखाती सहकार्य परिषदेच्या 6 देशांत एकमेकांच्या कोर्टांचे निकाल बजावण्याचा करार आहे. यूएईत निकाल झाला असेल तर कतारमधला तुमचा पगार बँकेला रत्नागिरीतल्या बागेपेक्षा सोपा पडेल. यूएईत 10,000 दिरहमांवरच्या देण्यासाठी प्रवासबंदी मागता येते. त्यामुळे दुबईमार्गे, नुसतं विमान बदलायलाही, स्थिती तपासल्याशिवाय जाऊ नका. ऑफर नाकारा असं म्हणत नाही. महिनाभराची मुदत मागा आणि त्या महिन्यात केसची चौकशी पूर्ण करा. काही निघालं नाही किंवा तडजोड झाली तर जरूर जा. मग त्या पगारातूनच हे फिटेल.

एजंटचा बंदोबस्तही करायला हवा. त्याला एकदाच मेसेज पाठवा : ‘तुमचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र पाठवा. मी बँकेशी लेखी संपर्कात आहे. माझ्या नातेवाइकांना किंवा गावात कोणालाही संपर्क केल्यास पोलिसांत तक्रार करीन.’ त्यानंतर वाद घालू नका, फोन आला तर रेकॉर्ड करा, मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम इथल्या बँकांसाठी आहे, दुबईतल्या बँकेला तो थेट बांधत नाही. पण मुंबईत बसून धमकावणारा माणूस भारतीय न्याय संहितेखाली येतोच : कलम 351 धमकी, 308 खंडणी, आणि सरकारी अधिकारी असल्याचं सोंग घेतलं तर 204. चिपळूण पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हीच तक्रार बँकेकडे करा. बँकेने दाद दिली नाही तर यूएईत बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी ‘सनदक’ नावाची लोकपाल यंत्रणा आहे, तिकडे जाता येतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अजून तिकडेच असेल आणि नोकरी डळमळीत असेल, तर कृपा करून विमानाचं तिकीट काढण्याआधी बँकेत जा. थकबाकीचं पत्र घ्या, हप्ता लहान करून मुदत वाढवून मागा, कर्जाला विमा आहे का विचारा. 2023 पासून तिथे नोकरी गेल्यास काही महिने भत्ता देणारी विमा योजना आहे, त्याचा दावा वेळेत करा. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात कायदेशीर सल्ला मिळतो. पगाराच्या खात्यात शेवटची ग्रॅच्युइटी आली की बँक खातं गोठवू शकते. त्या धक्क्यात अनेक जण सरळ विमानतळ गाठतात.

राहिलं घर. ज्या माणसाचं सगळं घराला माहीत आहे, त्याला घराच्या नावाने धमकावता येत नाही. एजंटकडे तुमच्याविरुद्ध एकच हत्यार आहे, तुम्ही लपवलेला आकडा. तो आज रात्री पत्नीला सांगा, कागदावर मांडून. ती रागावेल, आणि तो राग कर्जापेक्षा पाच वर्षांच्या लपवालपवीचा असेल. त्याला उत्तर देऊ नका, ऐका. मग दोघं मिळून अण्णांकडे जा. त्यांना कलमं आणि 44अ सांगायची गरज नाही. एवढंच सांगा की घर सुरक्षित आहे, देणं माझं आहे, मी बँकेशी बोलतोय, आणि पुन्हा फोन आला तर ‘मुलाशी बोला’ म्हणून ठेवून द्या. अण्णांना फोन आधीच आलेत. त्यांना काही ठाऊक नाही असं तुम्ही धरून चाललात, पण कदाचित ते तुम्ही सांगण्याची वाट बघत असतील. सरपंचांकडे स्वतः जा, चहा घ्या आणि हेच चार वाक्यांत सांगा. गावात बातमी तुमच्या तोंडून गेली तर ती कर्जाची बातमी असेल, एजंटच्या तोंडून गेली तर चोराची.

दुय्यम निबंधकाकडे बक्षीसपत्राची वेळ घेतली असेल तर ती उद्या सकाळी रद्द करा. बँकेला ईमेल उद्याच जाऊ दे. उत्तर आलं की मुद्दलाचा आकडा आणि केस नंबर, असेल तर, मला कळवा. तडजोडीच्या पत्राचा मसुदा आपण एकत्र बघू.